हँडल उंचावले, भार कोठे गेला?

द्वितीय वर्ष, कला

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने मोटारसायकलच्या हँडलावर लेख लिहावा, ह्याचे काही वाचकांना नवल वाटेल. वार्षिकात कथा असाव्यात, कविता असाव्यात, सहलीचे वर्णन असावे, फार तर एखादा चिंतनपर निबंध असावा. यंत्राविषयी लिहायचे ते विज्ञानशाखेच्या मित्रांनी, असा आपला एक अलिखित संकेत आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय वस्तुतः यंत्र नाही. यंत्रावर रोज चार-पाच तास बसणारा माणूस, त्याचे मनगट, त्याची मान आणि त्याच्या पाठीचा कणा हा माझा विषय आहे; आणि मनगट काही कोणत्या एका शाखेचे नसते! आपल्यापैकी कितीतरी जण, आणि आपले काही प्राध्यापकही, खेड्यापाड्यांतून दुचाकीवरून महाविद्यालयात येतात. त्यांनी हा लेख आपलाच समजून वाचावा.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊ. ज्यांना 'स्पोर्ट टूरिंग' म्हणतात त्या मोटारसायकली शर्यतीच्या गाडीचा वेग आणि लांबच्या प्रवासाची सोय ह्या दोहोंना एकत्र नांदवू पाहतात. १९७६ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने 'आर १०० आरएस' ही गाडी काढली. तिचे पुढचे मोठे आवरण, ज्याला आपल्याकडे गॅरेजवाले सरसकट 'फायबर' म्हणतात, ते इटलीतील पिनिनफारिना ह्यांच्या वायुबोगद्यात वाऱ्याचे झोत सोडून, पारखून घडवलेले होते. रुंद, सरळ रस्त्यावरून दिवसभर वेगाने जावे आणि संध्याकाळी उतरताना अंग मोडून येऊ नये, हा त्यामागचा उद्देश. पुढे जपानी कंपन्यांनीही ह्या जातीच्या अनेक गाड्या काढल्या. आपल्याकडे २००३ साली आलेली हीरो होंडाची २२३ सीसीची 'करिझ्मा' आणि २००७ साली आलेली बजाजची 'पल्सर २२०' ह्या त्या कुळाच्या धाकट्या पाती म्हणता येतील. खऱ्या युरोपीय अर्थाने त्या 'स्पोर्ट टूरिंग' आहेत काय, ह्यावर वाद घालणारे खुशाल घालोत. त्यांवरून लेह-लडाखला जाऊन आलेली माणसे आहेत, आणि त्यांवरून रोज पोट भरणारी माणसे त्याहून पुष्कळ अधिक आहेत.

ह्या गाड्यांचे हँडल साध्या गाडीसारखे एका सलग नळीचे नसते. डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र तुकडे असतात. त्यांना 'क्लिप-ऑन' म्हणतात. अस्सल शर्यतीच्या गाडीत हे तुकडे पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर, वरच्या 'टी'च्याही खाली आवळलेले असतात. त्यामुळे चालक टाकीवर जवळजवळ पालथा पडतो. आपण ज्या गाड्यांचा विचार करीत आहोत त्यांत ते टीच्या वर, थोडे उंचावून बसवलेले असतात. म्हणजे कंपनीनेच हँडल एकदा उंच केलेले आहे! तरीही मनगटे दुखतात, म्हणून लोक त्याखाली आणखी एक धातूचा ठोकळा बसवून घेतात. त्याला 'रायझर' म्हणतात. हे काम तासाभरात होते, आणि म्हणूनच सर्वांत आधी तेच केले जाते. माझे म्हणणे असे की ते सर्वांत शेवटी करावे. असे का, हे सांगण्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागेल.

दहावीपर्यंत विज्ञानात आपण सर्वांनी तरफेचा नियम शिकलो आहोत. समजा, चालकाचे वजन ६६ किलो आहे. कमरेच्या वरचा भाग, म्हणजे धड, डोके आणि हात मिळून, शरीराच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतो. तो झाला ४४ किलो. पुढे वाकून बसल्यावर ह्या भागाचा गुरुत्वमध्य कमरेच्या सांध्यापुढे १५ सेंटिमीटर आला, आणि तळहात त्याच सांध्यापुढे ४५ सेंटिमीटरवर टेकलेले आहेत, असे धरू. पाठीच्या स्नायूंनी काहीच उचलले नाही, तर हातांवर येणारा भार ४४ गुणिले १५ भागिले ४५, म्हणजे पंधरा किलोच्या आसपास होतो. प्रत्येक तळहातावर सात किलो! गिरणीतून दळण आणताना हात बदलण्याची सोय असते. येथे ती नाही. आता हँडल वर आणि किंचित मागे घेतले. धड थोडे सरळ झाले, गुरुत्वमध्य १० सेंटिमीटरवर आला, हात ४२ वर आले. हातांवरचा भार साडेदहा किलोवर उतरतो. चार किलोंची सुटका झाली, असे वाटते.

पण ते चार किलो गेले कोठे? माणसाचे वजन तर कमी झालेले नाही.

ते गेले खाली. बसताना ज्या दोन हाडांवर आपण टेकतो त्यांच्यावर, आणि कमरेच्या मणक्यांवर. शिवाय आणखी एक गोष्ट घडते, जी आकड्यांत चटकन दिसत नाही. पुढे वाकलेले धड खड्ड्याचा धक्का कमरेच्या सांध्यातून थोडे वाकून, थोडे हातांतून, वाटून घेते. सरळ ताठ बसलेल्या माणसाचा कणा मात्र उभ्या काठीसारखा असतो. मागच्या चाकाचा धक्का तळापासून मानेपर्यंत सरळ चढत जातो. ह्या गाड्यांचे फूटरेस्ट मागे असतात, ही त्यात भर. साध्या गाडीवर पाय पुढे असल्याने माणूस खड्ड्यापूर्वी पायांवर भार घेऊन बूड अलगद उचलतो. पाय मागे दुमडलेले असतील आणि धड सरळ असेल तर ते तितके सहज जमत नाही. हँडल बदलले, पण पाय आणि सीट शर्यतीचेच राहिले, अशी ती अर्धवट अवस्था होते.

वाऱ्याचाही विचार केला पाहिजे, कारण वाकून बसण्याची ही पद्धत मुळात वाऱ्याच्या भरवशावर बेतलेली आहे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ९० वर गेले की वेग दीडपट होतो, पण रेटा सव्वादोन पट. मोकळ्या महामार्गावर हा रेटा छातीखाली हात घातल्यासारखा चालकाला तोलून धरतो आणि मनगटांवरचा भार आपोआप हलका होतो. जर्मनीच्या रुंद रस्त्यांवर हे गणित जुळते. आपल्याकडे कराडहून पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचे असेल, तर वेग कधी ४०, कधी ३०, कधी उसाच्या ट्रॉलीमागे १५! तोलणारा वारा नाही. आहे तो नुसता भार. ह्या गाडीवर मनगटे दुखतात ती चालकाला सवय नाही म्हणून नव्हे, तर गाडीची बैठक एका वेगासाठी आखली आहे आणि आपला रस्ता दुसऱ्याच वेगाचा आहे म्हणून. 'सवय होईल' हा गॅरेजमध्ये मिळणारा सर्वांत स्वस्त सल्ला आहे, आणि मला तो मुळीच मान्य नाही.

मान्य नसण्याचे कारण घरचे आहे. माझा थोरला भाऊ औषधांच्या एका घाऊक दुकानासाठी ऑर्डरी घेतो आणि माल पोहोचवतो. कराडपासून कोयनेच्या खोऱ्यापर्यंत त्याची फेरी असते. गाडी जुनीच घेतलेली, २२० सीसीची. बारावीनंतर त्याने शिक्षण सोडले, आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली ठरले. ह्या दोन गोष्टींचा संबंध काय तो वाचकांनी जाणावा. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास दादाला शर्टाची गुंडी लावता येईना. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर. त्याआधी कित्येक महिने मल्हारपेठ येण्याच्या आत हाताला मुंग्या येत; पण मुंग्या येतात म्हणून कोणी दवाखान्यात जाते काय!

येथे शरीररचनेची थोडी माहिती उपयोगी पडेल. बोटांना संवेदना पुरवणाऱ्या दोन मुख्य नसा तळहाताच्या बाजूने येतात. एक करंगळी आणि अर्ध्या अनामिकेची. ती मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला, वाटाण्याएवढ्या एका हाडाशेजारच्या अरुंद बोळातून जाते. फेलिक्स गुयाँ ह्या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ साली ह्या बोळाचे वर्णन केले, आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. तळहाताच्या टाचेवर सतत भार पडला की ही नस चेपते. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत हा विकार डॉक्टरांच्या चांगला परिचयाचा आहे. दुसरी नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि उरलेल्या अर्ध्या अनामिकेची. ती मनगटाच्या मधोमध असलेल्या बोगद्यातून जाते. मनगट वाकवून, मूठ घट्ट आवळून काम केले की तिच्यावर ताण येतो. म्हणून कोणती बोटे बधिर होतात हे लक्षपूर्वक पाहावे. करंगळीची बाजू असेल तर बहुधा भाराचा दोष. अंगठ्याची बाजू असेल तर लिव्हरचा कोन, घट्ट पकड आणि कंपन ह्यांकडे पाहावे. अर्थात नस कोपराशी किंवा मानेशीही चेपू शकते. तेव्हा निदान डॉक्टरांनीच करायचे. पण गाडीत काय बदलावे ह्याची पहिली खूण बोटेच देतात.

कंपनाचा उल्लेख केला त्यावरून एक इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही. १९१८ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे चुनखडीचे दगड घडवणाऱ्या कामगारांची डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन ह्यांनी पाहणी केली. हवेच्या दाबावर चालणारी हातोडी धरून धरून त्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी पडत आणि बधिर होत. हाताला बसणारे कंपन हे रोगाचे कारण असू शकते, हे त्या पाहणीने स्पष्टपणे पुढे आले. पुढच्याच वर्षी हॅमिल्टनबाई हार्वर्ड विद्यापीठात नेमल्या गेलेल्या पहिल्या महिला अध्यापक झाल्या. युरोपात २००२ च्या एका निर्देशानुसार कामगाराच्या हाताला आठ तासांत किती कंपन बसू द्यायचे ह्याची मर्यादा ठरवून दिलेली आहे. मोटारसायकल म्हणजे हवेची हातोडी नव्हे, हे खरे. पण इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर ते सेकंदाला शंभर होतात, आणि त्यांची थरथर मुठींपर्यंत पोहोचतेच. हँडलाच्या टोकांना जे जड लोखंडी गट्टू असतात ते शोभेचे नव्हेत; त्यांच्या वजनाने हँडलाची स्वतःची थरथर बदलते आणि हाताला बसणारी झिणझिण कमी होते. आमच्या गावात नव्या गाडीचे हे गट्टू काढून रंगीत प्लास्टिकच्या टोप्या लावण्याची फॅशन आहे! ज्यांनी काढले असतील त्यांनी ते शोधून परत लावावेत, इतकेच सुचवते.

असो. दादाची बोटे बधिर झाल्यावर डॉक्टरांनी नसेवर दाब असल्याचे सांगून विश्रांती घ्यायला सांगितले. विश्रांती म्हणजे पगार नाही. तेव्हा एका गॅरेजमध्ये हँडलाखाली पाच सेंटिमीटरचे रायझर बसवून घेण्यात आले. पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवसापासून कंबर धरली. मानेला आणि हेल्मेटला वाऱ्याचे फटके बसू लागले, कारण पुढची काच वाकलेल्या चालकासाठी होती आणि आता डोके नेमके काचेवरून उसळणाऱ्या वाऱ्यात आले होते. आणि एके दिवशी घाटातल्या वळणावर हँडल पूर्ण डावीकडे वळवताच गाडी आपोआप रेस झाली. हँडल उंच झाले होते, पण अ‍ॅक्सिलेटरची वायर होती तेवढीच राहिली होती. वळताना ती ताणली जात होती. सुदैवाने समोरून काही येत नव्हते.

ह्यानंतर आम्ही सर्व काही उलट क्रमाने करायचे ठरवले. 'आम्ही' म्हणजे दादा, गल्लीतले एक वयस्क मिस्त्री आणि मी. माझे काम मापे घेण्याचे. आई शिवणकाम करते. तिची टेप आणि तिचा नियम, की माप घेतल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही, ही आमची साधनसामग्री. रायझर काढून टाकले आणि सुरुवात सीटपासून केली.

सीट हा ह्या सर्व प्रकरणातला दुर्लक्षित गुन्हेगार आहे. अर्धी भरलेली पाण्याची बाटली सीटवर आडवी ठेवून पाहा. पाणी कोणत्या बाजूला जमते त्यावरून उतार कळतो. आमच्या गाडीत तो टाकीकडे होता, आणि बसून बसून मधला फोम दबल्याने आणखी वाढला होता. उताराच्या सीटवर माणूस प्रत्येक ब्रेकला पुढे घसरतो, आणि घसरू नये म्हणून नकळत हातांनी हँडलाला रेटा देत राहतो. मागे कोणी बसलेले असेल तर त्याचेही वजन पाठीवर येते. म्हणजे मनगटावरचा बराचसा भार हँडलाच्या उंचीमुळे नसून सीटच्या उतारामुळे असतो! सीटच्या कारागिराकडून जुना दबलेला फोम काढून घट्ट फोम भरून घेतला आणि पुढच्या बाजूला दोन सेंटिमीटरची पाचर बसवली. वरचे रेक्झिन गुळगुळीत न घेता खरखरीत घेतले. फोम घट्ट हवा, हे पुष्कळांना पटत नाही. मऊ गादी दुकानात पाच मिनिटे छान वाटते. पण तासाभराने बसण्याची हाडे तिच्या तळाला टेकतात आणि खालच्या पत्र्याशी गाठ पडते. गादीने ती दोन हाडे तोलून धरली पाहिजेत, गिळून टाकता कामा नये.

सीट सुधारल्यावर गुडघ्यांचा उपयोग करता येतो. टाकीच्या दोन्ही बाजूंना ज्या खोबणी असतात त्या गुडघ्यांसाठीच आहेत. ब्रेक लावताना मांड्यांनी टाकी धरली की धड पुढे पडत नाही आणि हात मोकळे राहतात. हे फुकट आहे, पण शिकावे लागते. पहिले आठ दिवस मांड्या दुखतात. भाकरी थापणाऱ्या बाईचा हात पाहा: बळ खांद्यातून येते, मनगट सैल असते. हँडलावरचा हात तसा असावा.

त्यानंतर लिव्हर. गाडीवर बसून डोळे मिटावेत, हात मुठींवर सहज टाकावेत आणि बोटे लांब करावीत. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेषा झाली पाहिजे, आणि त्याच रेषेत क्लच व ब्रेकचे लिव्हर बोटांखाली आले पाहिजेत. बहुतेक गाड्यांत लिव्हर वर राहिलेले असतात. ते धरायला मनगट मागे मुडपावे लागते आणि दिवसातून शेकडो वेळा ते मुडपले जाते. लिव्हरचा स्क्रू ढिला करून तो थोडा खाली फिरवायला पाच मिनिटे पुरतात. ब्रेकच्या बाजूला मात्र ऑइलची डबी फार तिरपी होत नाही ना, हे पाहावे.

एवढे झाल्यावर दादाला पुन्हा गाडीवर बसवले, मिस्त्रींनी गाडी सरळ धरली, आणि डोळे मिटून हात पुढे कर असे सांगितले. मुठी जेथे आपणहून स्थिरावल्या तेथपासून हँडलापर्यंत टेप धरली. अडीच सेंटिमीटर वर आणि चार सेंटिमीटर मागे. म्हणजे उंचीपेक्षा अंतराचीच अडचण अधिक होती! पहिल्या गॅरेजने पाच सेंटिमीटर उंची दिली होती, ती गरजेच्या दुप्पट. येथे गाडीची रचना थोडी मदत करते. पुढचा शॉकअप उभा नसतो. बहुतेक मोटारसायकलींत तो उभ्या रेषेपासून २४ ते २७ अंश मागे कललेला असतो. त्याच्या दिशेने अडीच सेंटिमीटर वर चढले की हँडल सुमारे एक सेंटिमीटर मागेही येते. उरलेले तीन मिळाले नाहीत. हँडल त्याहून मागे घेतले, की पूर्ण वळवताना मूठ टाकीला लागून अंगठा चेमटत होता. शिवाय सीटच्या पाचरीने चालक थोडा मागे सरकलेला, म्हणजे एक सोडवावे तर दुसरे अडते. तेव्हा अडीच सेंटिमीटरवर समाधान मानले.

रायझर बसवताना जी काळजी घ्यायची ती मात्र समाधान मानण्याची गोष्ट नाही. लेथवर कोणत्याही धातूच्या तुकड्यातून करून घेतलेले किंवा वेल्डिंगने वाढवलेले हँडल कधीही वापरू नये. ब्रेक लावताना सगळ्या देहाचा रेटा त्या जोडावर येतो. इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून कान द्यावा. आवाज जराही वाढला, तर अ‍ॅक्सिलेटरची वायर ताणली जात आहे. तिचा मार्ग बदलावा अथवा लांब वायर घालावी. क्लचची वायर आणि दिव्यांच्या तारा हातांनी चाचपाव्यात. डिस्क ब्रेकचा पाइप तर मुळीच ताणलेला नसावा. तो बदलण्याची वेळ आली तर जोडाचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि ब्रेक ऑइलमधील हवा पूर्णपणे काढावी. आमच्या बाबतीत अडीच सेंटिमीटरला जुनाच पाइप पुरला. पाच सेंटिमीटरला तो तारेसारखा ताठ झाला होता, हे मिस्त्रींनी मला बोट लावून दाखवले.

कायद्याचाही येथे संबंध येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत मालकाला मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजार रुपयांपर्यंतचा दंड किंवा कारावासही होऊ शकतो. तेव्हा हँडलाला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे. सीटचा फोम आणि लिव्हरचा कोन आधी सुधारावा असे मी म्हणते, त्याला हेही एक कारण आहे. पुष्कळांना त्यानंतर रायझरची गरजच भासणार नाही.

वाऱ्याच्या फटक्यांवर उपाय शोधायला थोडा वेळ लागला. काच नेहमी उंचच करावी असे नाही. मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात फूटरेस्टवर किंचित उभे राहून पाहावे. डोके वर जाताच हेल्मेटमधला गोंगाट थांबला, तर काचेवरून उसळलेला वारा हेच कारण आहे असे समजावे. मग काच उंच करून तो वारा डोक्यावरून तरी न्यावा, किंवा तिच्या खालच्या कडेला फट ठेवून थोडी हवा मागून येऊ द्यावी, म्हणजे काचेमागची पोकळी भरून निघते आणि फटके मंदावतात. आम्ही दुसरा उपाय केला, कारण त्याला चार वॉशरांपलीकडे खर्च नव्हता. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो आणि त्यावर दीड किलोचे हेल्मेट. ते दिवसभर हलत राहिले तर मानेचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

टायरमधली हवा कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवावी, आणि मागच्या शॉकअपचा ताण आपल्या वजनाप्रमाणे व सामानाप्रमाणे लावावा, एवढे सांगून तो विषय सोडते. मात्र एक लक्षात असू द्यावे: हँडल उंच झाले की पुढच्या चाकावरचा भार किंचित कमी होतो. मागे माणूस आणि पेटी असेल तर आणखी कमी. हँडल हलके लागते, आणि हलके लागते म्हणून चालक ते अधिक घट्ट धरतो. पेटीतले जड सामान शक्य तितके पुढे आणि खाली ठेवावे. दादा आता औषधांच्या बाटल्या खाली आणि गोळ्यांची खोकी वर ठेवतो. पूर्वी उतरवण्याच्या सोयीने उलटे असे.

रायझरचे बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घेतले. बोटांच्या मुंग्या थांबलेल्या नाहीत, पण ज्या मल्हारपेठच्या अलीकडे सुरू होत त्या आता हेळवाकच्या आसपास सुरू होतात, आणि तेथे तो चहासाठी थांबतोच. चहा येईपर्यंत दोन्ही हात डोक्यावर घेऊन बोटे उघडझाप करतो; टपरीवरची पोरे हसतात. गुंडी लावता येते, मात्र सकाळी थंडीत वेळ लागतो. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले होते. ती तारीख आमच्या वार्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येते, आणि बरोबर मी जाणार आहे.